क्षितिज शिकवलं त्या दिवशी

चौथीत क्षितिज शिकवलं त्या दिवशी मी शाळेत नव्हतो, त्यामुळे मला क्षितिज नाही. माझी जमीन गावाबाहेर पडली की पसरत जाते, हळूहळू वर चढते आणि कुठेही संपत नाही. सूर्य माझ्याकडे उगवत नाही, तो लांबून येतो. पहाटे मोहरीएवढा असतो, चहा होईपर्यंत भाकरीएवढा होतो, आणि संध्याकाळी पुन्हा लहान होत होत निघून जातो. मी गिरणीवाला आहे, मला मोजमाप दाण्यांतच सुचतं.

आमच्या आडमाळला शब्द असेच मिळतात. शिकवला त्या दिवशी वर्गात असलात तर शब्द तुमचा आणि शब्दामागची वस्तूही तुमची. नसलात तर गेला. प्रत्येक शब्द एकदाच शिकवायचा, असं आमच्या कुंभार गुरुजींचं मत होतं. दुसऱ्यांदा शिकवलेला शब्द पोटात जातो पण अंगी लागत नाही, असं ते म्हणायचे. पहिली ते चौथी मिळून चारशे बारा शब्द होते. गणिताचे, भाषेचे, परिसर अभ्यासाचे, भूगोलाचे. सगळेच्या सगळे मिळालेला माणूस गावात एकही नव्हता. कुणाला गोवर निघायचा, कुणाला धाकटं भावंड सांभाळायला घरी ठेवायचे, कुणी नुसताच बोरं पाडायला जायचा.

माझ्या शेजारच्या गिरजाबाईला बाष्पीभवन नव्हतं. तिची लुगडी वाळायचीच नाहीत. ती बारा महिने ओल्यानं वावरायची, आणि लग्नकार्यात तिला कुणी गादीवर बसू देत नसे. बबन शिंप्याला परीघ नव्हता, म्हणून आडमाळच्या पुरुषांच्या सदऱ्यांची कॉलर गळ्याभोवती मिटायची नाही. सरपंचांना दक्षिण नव्हती. दक्षिणेकडच्या मळ्यात जायचं असलं की ते उत्तरेला तोंड करायचे आणि उलटे चालत जायचे. समोरून येणाऱ्यानं हाक मारून त्यांना वाटेतले दगड सांगायचे, अशी रीत पडली होती. कुणी कुणाला हसत नसे. हसायला लागलो असतो तर गावात दुसरं काही कामच झालं नसतं.

त्या दिवशी मी शाळेत नव्हतो, कारण माझी बहीण निघाली होती.

कौसाअक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मला जन्म देऊन आई पंधरवड्यात गेली, तेव्हापासून मला अक्कानंच वाढवलं. मी चौथीत गेलो तरी ती मला कडेवर घ्यायची. माझे पाय जमिनीवर घासायचे, पण ती खाली ठेवत नसे. पुढच्या सोमवारी तिची सुपारी फुटायची होती. मुलगा वडिलांनी पाहिला होता, तिनं नाही. त्या सकाळी तिनं भाकरी केल्या, माझा भांग पाडला, खुंटीवरचं गाठोडं घेतलं आणि म्हणाली, "मुरल्या, दार लोटून घे."

मी दार लोटलं आणि तिच्या मागं चिंचेपर्यंत गेलो. कुठं चाललीस, असं मला विचारायचं होतं. पण निघालेल्या माणसाला कुठं असं विचारू नये, त्याचं काम होत नाही, हे तिनंच मला शिकवलं होतं. म्हणून मी विचारलं नाही. पुढं तीन दिवस वडील मला तेच विचारत होते, हातात वेताची काठी घेऊन, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी विचारलं नाही म्हणून ती कुठंच पोचलेली नाही, असं मला अजूनही वाटतं.

गावाला ती पलीकडच्या टेकाडापर्यंत दिसली. मग दिसेनाशी झाली. बायका डोळे पुसत घरी गेल्या. मी तिथंच उभा होतो, कारण मला ती दिसत होती. दुपारपर्यंत ती बोटाएवढी झाली, संध्याकाळी शेंगदाण्याएवढी. आठवड्यानं गव्हाएवढी होती. दिवाळीला ज्वारीएवढी. मी सातवी पास झालो तेव्हा ती बाजरीएवढी होती, आणि चोविसाव्या वर्षी मी मुलगी बघायला गेलो तेव्हा तिळाएवढी. मुलीच्या मामानं सांगितलं, की मुलगा आमच्या मुलीकडं बघतच नव्हता, तिच्या डोक्यावरून पूर्वेकडं बघत होता. ते खरं होतं. लग्न मोडलं. गेल्या वर्षापासून ती खसखशीएवढी आहे. कुणाला वाटेल एवढ्या लहान वस्तूत काय दिसणार. तेहतीस वर्षं एकाच गोष्टीकडं बघा, मग सांगा.

ती चालते. दुपारी गाठोड्यावर डोकं ठेवून घटकाभर आडवी होते, मग उठून पुन्हा चालते. पावसाळ्यात पदर डोक्यावर घेते. डाव्या टाचेवर किंचित कमी भार देते, म्हणजे तिथं भेग असावी. तिनं एकदाही मागं वळून पाहिलेलं नाही. तिचा चेहरा मी विसरलो आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या केसांचा अंबाडा, खांदे, चालताना हलणारा कोपर, हे सगळं मला माझ्या गिरणीच्या पट्ट्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण चेहऱ्याच्या जागी काही नाही. तिनं एकदा वळून बघावं, एवढंच मला हवं होतं. रोज सकाळी गिरणी चालू करायच्या आधी मी पूर्वेला तोंड करून उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, आज. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलाय, असं गाव म्हणायचं. म्हणू दे. माझ्या हातात पीठ सोडून होतं तरी काय?

अंबादासकडं क्षितिजं दोन होती.

अंबादास माझा मित्र. त्या सकाळी कुंभार गुरुजींनी हजेरी घ्यायला सुरुवात केली तेव्हा तो मागच्या बसकरपट्टीवर होता आणि माझी जागा रिकामी होती. गुरुजींनी "मुरलीधर" म्हटलं आणि अंबादासनं आवाज बदलून "हजर" म्हटलं. गुरुजींनी मान वर केली नाही. मग त्यांनी फळ्यावर डावीकडून उजवीकडं एक रेघ ओढली, क्षितिज शिकवलं, आणि हजर असलेल्या प्रत्येकाला एकेक क्षितिज मिळालं. माझ्या वाटणीचं अंबादासला लागलं.

त्याचं एक क्षितिज इतरांसारखं लांब होतं, दीड तासाच्या चालीवर. दुसरं त्याच्या अलीकडं, ओढ्यापाशी. ओढा ओलांडला की माणूस अंबादासपुरतं नाहीसं व्हायचं, आणि येताना एकदम ओढ्यातून उगवायचं. लहानपणी त्याला याची मजा वाटायची. पण दोन क्षितिजांचं एका घरात पटत नाही. लांबचं जागचं हललं नाही, जवळचं मात्र दर वर्षी थोडं आत सरकू लागलं. अंबादासचं लग्न झालं तेव्हा ते वेशीवर आलं होतं. त्याची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावर. पोरगी कोपऱ्यावर नाहीशी झाली की हा भर रस्त्यात डोळे पुसायचा, आणि संध्याकाळी ती उगवली की तिला उचलून घ्यायचा. लोकांना वाटायचं बाप जरा हळवा आहे. दृष्टीआड सृष्टी, असं दुसऱ्याला सांगायला बरं असतं. अंबादासची सृष्टी दर वर्षी थोडी आड होत होती, आणि माझ्या दृष्टीआड काहीच होत नव्हतं. आम्ही दोघं संध्याकाळी गिरणीच्या ओट्यावर शेजारी बसायचो. तो विचारायचा, "वळली का रं अक्का?" मी नाही म्हणायचो. तो म्हणायचा, "वळंल." तेहतीस वर्षांत त्यानं एकदाही मला तुझं तू घेऊन जा म्हटलं नाही.

गेल्या जूनमध्ये शाळेवर तुपे बाई आल्या. वय सव्वीस असेल. तालुक्याहून त्यांच्यासोबत एक पत्रही आलं, की गाव शब्दपूर्ण करायचं आहे. बाईंनी ट्रंकेतून जुनी हजेरीपुस्तकं काढली, उन्हात वाळवली आणि कुणाला कुठला शब्द नाही त्याची यादी केली. कुंभार गुरुजींचं मत त्यांना मान्य नव्हतं. शब्द शिळा होत नाही, दिवस शिळा होतो, असं त्यांचं म्हणणं. तोच दिवस पुन्हा मांडायचा. तोच वर्ग गोळा करायचा, त्याच जागांवर बसवायचा, तीच हजेरी घ्यायची, आणि त्या दिवशी जो नव्हता त्यानं या खेपेला हजर म्हणायचं.

तसं त्या करत गेल्या. गिरजाबाईची लुगडी एका दुपारीत वाळली. तिचे डोळेही त्याच दुपारी वाळले, तेव्हापासून ती पापण्यांना तेल लावते. सरपंच दक्षिणेकडं तोंड करून मळ्यात गेले आणि तिथं एवढी वर्षं काय पिकत होतं ते बघून तसेच परत आले. दत्तू गवळ्याला वजाबाकी नव्हती. त्याच्या रांजणातलं ताक कितीही काढलं तरी कमी होत नसे. शब्द मिळाला त्या आठवड्यात ताक संपलं, पुढच्या आठवड्यात म्हैस गेली, आणि महिनाअखेर त्याची एकशे दोन वर्षांची आजी. आजी जाईल असं गावात कुणाला वाटलंच नव्हतं. दत्तू मला म्हणाला, "आता बेरीज-वजाबाकी दोन्ही येतं मला." आणि दळणाचा डबा विसरून निघून गेला.

हजेरीपुस्तकात मी हजर होतो, त्यामुळे यादीत माझं नाव नव्हतं. मी खाली मान घालून दळण दळत राहिलो. बाई गिरणीत आल्या की मी पट्ट्याचा आवाज वाढवायचो.

मग त्यांनी मोठ्या माणसांची चित्रकला स्पर्धा घेतली. विषय निसर्गचित्र. आमच्याकडं निसर्गचित्र म्हणजे काय ते ठरलेलं आहे. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, एक झोपडी आणि एक नारळाचं झाड. आडमाळच्या आसपास शंभर कोसांत नारळ नाही, तरी सगळ्यांनी काढला. मी मला दिसतं ते काढलं. बाई माझ्या पाठीमागं बराच वेळ उभ्या राहिल्या.

"यात रेषा कुठंय?"

"कसली?"

"जमीन संपते ती."

"संपते?" मी विचारलं, आणि विचारताक्षणीच कळलं की आपण सापडलो.

बाईंनी कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा ठिपका?"

"माझी बहीण."

त्यांनी अंबादासचा कागद उचलला. त्यात डोंगर नव्हते, नारळही नव्हता. त्याच्या घराचा उंबरा होता आणि उंबऱ्यावर एक रेघ. रेघेपलीकडं त्यानं कागद कोरा सोडला होता. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. हुशार बाई.

"त्या दिवशी यांच्या नावाला हजर कोण म्हणालं?"

"म्या," अंबादास म्हणाला. तो बाईंच्या डाव्या बाजूला बघत बोलत होता. त्या चार पावलांवर होत्या, म्हणजे त्याच्या उंबऱ्यापलीकडं.

बाई म्हणाल्या, येत्या गुरुवारी तो दिवस पुन्हा मांडू. मी म्हटलं, मला नको.

"पण ते तुमचंच आहे."

"कपाटात ठेवा."

"शब्द कपाटात राहत नाही. तो कुणाच्या तरी डोळ्यांत असावा लागतो."

"मग माझ्या डोळ्यांत जागा नाही," मी म्हटलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्या घराच्या पूर्वेला येऊन उभं राहू लागलं. सकाळी आठ जण, दुपारी आठ जण, ठरवून पाळ्या लावल्यासारखे. ते माझ्याकडं पाठ करून एका ओळीत उभे राहायचे, म्हणजे मला पलीकडचं दिसू नये. त्यात वैर नव्हतं. येताना कुणी शेंगा आणायचं, कुणी माझ्या शेळीला पाला टाकायचं. मी दार उघडलं की त्यांच्या पाठी दिसायच्या. माझी जमीन वर चढते हे त्यांना ठाऊक नव्हतं. अक्का त्यांच्या डोक्यांच्या बरीच वर होती, सरपंचांच्या टोपीपासून वीतभर डावीकडं. तिसऱ्या दिवशी ओळ दोन पावलं पुढं आली. चौथ्या दिवशी त्यांच्या पाठी माझ्या ओट्याला टेकल्या. दार उघडायला जागा उरली नाही, म्हणून मी खिडकीतून गिरणीत ये-जा करू लागलो. दळायला मात्र कुणी काही आणत नव्हतं.

बुधवारी दुपारी शारदा अंबादासला घेऊन आली. शारदा म्हणजे त्याची बायको. तिनं त्याचं मनगट धरलं होतं आणि तो तिच्या मागून पाय चाचपत येत होता. पाळीवरच्या लोकांनी त्यांना वाट दिली. अंबादास माझ्यासमोर बसला. त्यानं हात पुढं केला आणि त्याचा हात कोपरापर्यंतच त्याला दिसत असावा, कारण माझ्या गुडघ्याला हात लागला तसा तो दचकला.

"हातभर अंतरावर आलंय," शारदा म्हणाली.

"आवाज येतो सगळ्यांचा," अंबादास म्हणाला. "नात झाली मला, मुरल्या. अकरा दिवस झाले. मांडीवर दिली त्यांनी. पर मांडी पलीकडं गेली. वजन लागतं नुसतं."

मी त्याचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच राहू दिला.

"मी मागाया न्हाई आलो," तो म्हणाला. "बसाया आलो. लई दिवस बसलो न्हाई आपण. अक्का कशी हाय?"

"चाललीय."

"वळली का?"

"नाही."

"वळंल," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. इतका राग मला वडिलांच्या काठीचाही आला नव्हता. मी म्हटलं, "तुला हजर म्हणायला कुणी सांगितलं होतं?"

"तुला छड्या बसल्या असत्या."

"बसल्या असत्या तर बसल्या असत्या. दोन छड्या."

"चार," अंबादास म्हणाला. "उशिरा येणाऱ्याला दोन. न येणाऱ्याला चार."

शारदा तोवर उभीच होती. ती म्हणाली, "भावजी, तोंडावर बोलते, राग मानू नका. तुमच्या नावचं वझं हाय ते. तेहतीस वर्सं यांनी वाहिलं. उद्या बारसं हाय. लेकीनं सांगितलंय, आबांनी नाव ठेवल्याबिगर पाळण्यात घालणार न्हाई. आणि हे म्हनत्यात, तोंड न बघता नाव कसं ठिवू?"

"शारदे, गप," अंबादास म्हणाला. तो भिंतीकडं तोंड करून बोलला.

ते गेल्यावर मी खिडकीत बसलो. अक्का चालत होती. दुपार होती म्हणून ती थांबली, गाठोडं ठेवलं, त्यावर डोकं टेकलं. मी संध्याकाळपर्यंत तिच्याकडं बघत बसलो. मला तिची इतकी आठवण आली की समोर दिसत असूनही काही उपयोग होईना. दिसणं आणि असणं यांत एवढं अंतर असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते चारशे बारा शब्दांत कुठंही नव्हतं. ती उठून चालू लागली. मी म्हटलं, अक्का, आता तरी. ती नेहमीसारखीच चालत होती, डाव्या टाचेवर भार कमी देत.

गुरुवारी सकाळी मी खिडकीतून बाहेर पडलो आणि शाळेत गेलो. पाळीवरचे आठही जण माझ्या मागून आले.

तुपे बाईंनी बसकरपट्ट्या आमच्या वेळेसारख्या घातल्या होत्या. आमच्या वर्गात आम्ही तेवीस. तिघं वारलेले आणि सहा जण गाव सोडून गेलेले, त्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. बाकीचे चौदा जण मांडी घालून बसलो. बबन शिंप्याला पोट आड येत होतं, त्यानं पाय पसरले. फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी त्या जुन्या दिवसाची तारीख घातली होती. पहिलीतली पोरं दारातून आमच्याकडं बघत होती. शारदा आणि तिची लेक व्हरांड्यात होत्या. लेकीच्या हातात कापडात गुंडाळलेली मुलगी होती.

बाईंनी हजेरी सुरू केली. वारलेल्यांची नावं घेतल्यावरही त्या थांबायच्या, जेवढं जिवंतांसाठी थांबायच्या तेवढंच, मग पुढं जायच्या. गाव सोडून गेलेल्यांपैकी चौघं मला खिडकीतून दिसत होते. पुण्याच्या वाटेवरचा कोंडिबा राजगिऱ्याएवढा होता. मी त्याच्या वतीनं हजर म्हटलं नाही. असल्या गोष्टींनी काय होतं ते समोर बसलं होतं.

माझं नाव जवळ आलं तसा अंबादासनं दोन्ही हात उचलले आणि चाचपून स्वतःच्या तोंडावर दाबून धरले.

"मुरलीधर," बाई म्हणाल्या.

खिडकी पूर्वेला होती. अक्का तिच्या जागी होती, खसखशीएवढी. ती चालता चालता थांबली. तिनं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, आणि पुन्हा चालू लागली.

"मुरलीधर," बाई दुसऱ्यांदा म्हणाल्या. आमच्या शाळेत तिसऱ्यांदा नाव घेत नाहीत.

मी तिच्या अंबाड्याकडं, खांद्यांकडं, कोपराकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणालो, "हजर."

बाईंनी खूण केली, खडू घेतला आणि फळ्यावर डावीकडून उजवीकडं एक रेघ ओढली. पट्टी न लावता, तरी सरळ आली. बाहेर उत्तरेकडून तशीच एक रेघ निघाली आणि आवाज न करता माळावरून पुढं येत गेली. ती येईल तिथं वरची जमीन जात होती आणि त्या जागी आकाश खाली उतरत होतं. आकाश इतकं खाली येत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पुण्याची वाट गेली, कोंडिबा गेला. ऊसतोडीला गेलेल्यांच्या बैलगाड्या गेल्या, साखरेच्या कणांएवढ्या. शाळेत असताना ज्या बसमागं आम्ही धावलो होतो ती बस गेली. रेघ पूर्वेला पोचली. शेवटच्या क्षणी अक्का वळेल असं मी धरून चाललो होतो. ती वळली नाही.

अंबादासनं तोंडावरचे हात काढले आणि त्यांच्याकडं बघितलं. आधी तळवे, मग मागची बाजू. मग मांडी, मग बसकरपट्टी, मग दार. दारात शारदा होती.

"शारदे," तो म्हणाला, "केवढी म्हातारी झालीस गं." आणि लहान पोरासारखा रडू लागला. लेकीनं मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला आणि कुणी नाव विचारलं तरी त्याला बोलता येईना.

माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी उठून मैदानात आलो. रेघ खरोखरच होती. चारी बाजूंनी होती, कुठेही तुटलेली नव्हती. मी एकदा स्वतःभोवती फिरलो आणि मला घेरी आल्यासारखं झालं. एवढ्याशा जागेत लोक राहतात कसे, असं मनात आलं. पूर्वेला अक्काच्या जागी निळं होतं. नुसतं निळं, धुऊन काढलेलं. मी तिथं बोट दाखवून उभा राहिलो, म्हणजे जागा चुकू नये, आणि मग बोट खाली घेतलं, कारण त्यात अर्थ नव्हता.

तुपे बाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांना खडू लागला होता.

"दिसतंय ना?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय."

"सवय होईल."

"बाई," मी म्हटलं, "ते काय आहे?"

पूर्वेला, बरोबर रेघेवर, काहीतरी उभं होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं. मघाशी ते तिथं नव्हतं.

बाईंनी डोळ्यांवर आडवा हात धरला. "माणूस असेल कुणीतरी."

"एकदम कुठून आलं?"

"क्षितिजावर असंच येतं," बाई म्हणाल्या. "आधी नसतं, मग असतं."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडं येणारं माणूस वर्षभर आधीपासून दिसायचं. एकदम कुणी कधी आलं नव्हतं.

"येतंय की जातंय?"

"ते लगेच कळत नाही. बघत राहावं लागतं."

मी बघत राहिलो. व्हरांड्यात पाळण्याची दोरी बांधत होते. मधली सुट्टी झाली, पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी पळत गेली आणि घंटा झाल्यावर परत आली. कुणीतरी मला हाक मारली, घुगऱ्या घ्यायला या म्हणून. मी मान वळवली नाही. ते ज्वारीएवढं होतं. मी पापणी न हलवता बघत होतो, आणि ते अजून ज्वारीएवढंच होतं.